परभाषा आणि मनुष्यऋण

मनुष्य कर्माला प्रवृत्त का होतो, या प्रश्नाचा पिच्छा मीमांसकांनी ज्या चिकाटीने पुरवला, त्या चिकाटीने तो फार थोड्या दर्शनांनी पुरवला असेल. 'यज्ञ करावा' असे वाक्य कानी पडताच स्वस्थ बसलेला गृहस्थ उठतो आणि समिधा गोळा करू लागतो, तेव्हा ते वाक्य आणि ते उठणे यांच्या दरम्यान त्याच्या चित्तात नेमके काय घडते, याविषयी त्यांच्यात दोन तट पडले. सांगितलेले कर्म आपल्या इष्टाचे साधन आहे अशी खात्री पटल्यावाचून कोणीही हात हलवीत नाही, असे मंडनमिश्रांचे प्रतिपादन. उलट, फळाचा हिशेब मागाहूनचा असून 'हे मला कर्तव्य आहे' अशी जी जाणीव आज्ञेबरोबर उमटते तीच खरी प्रेरक होय, असे प्रभाकराचे. मीमांसेचे हे अवघे दप्तर कृष्णाकाठच्या वाईत स्वामी केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाच्या सात खंडांत लावून ठेवले आहे. ते केवळ यज्ञयागाच्या उपयोगाचे आहे असे ज्याला वाटत असेल, त्याने सातारा अथवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या शाळेत इंग्रजीच्या तासाला जाऊन बसावे. मंडन आणि प्रभाकर यांचा तंटा तेथे अद्याप अनिर्णित असल्याचे त्याला आढळेल.

महाराष्ट्रातील शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकवली जाते. म्हणजे माण-खटावच्या माळरानावरचे किंवा जतच्या सरहद्दीवरचे मूल दहावीच्या परीक्षेला बसते तेव्हा त्या भाषेशी त्याचा दहा वर्षांचा सहवास झालेला असतो. आणि इतक्या सहवासानंतरही कोणी परका गृहस्थ समोर येऊन दोन साधे प्रश्न विचारू लागला, तर पुष्कळदा त्याची जीभ टाळूला चिकटते. शिक्षक आळशी, पुस्तके नीरस, घरी पोषक वातावरण नाही, अशी कारणे या अपयशासाठी नित्य सांगण्यात येतात आणि त्यांत तथ्यांश नाही असे नाही. परंतु मूळ कारण याहून साधे असावे. त्या दहा वर्षांत त्या मुलाने उच्चारलेल्या एकाही इंग्रजी वाक्याची कोणी वाट पाहिलेली नसते. 'तुझ्या गावाचे नाव काय?' असे जे गुरुजी विचारतात त्यांना ते नाव ठाऊक असते. 'तुझे वडील काय करतात?' असे जे विचारतात त्यांनी त्या वडिलांना सकाळीच शाळेच्या फाटकाशी रामराम केलेला असतो. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर नको आहे, हे मुलांना फार लवकर कळते, आणि ज्या बोलण्याची कोणाला गरज नाही ते बोलणे गुणांच्या तगाद्याखाली होते तेवढेच होते.

या दुखण्यावर सांप्रत एक उपाय पुढे आला आहे. दोन देशांतील दोन वर्ग संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर समोरासमोर आणावेत आणि त्यांनी एकमेकांशी बोलावे, असा तो उपाय. त्याचे मूळ शोधू गेल्यास ते पत्रव्यवहारात सापडते. सेलेस्तँ फ्रेने नावाच्या फ्रेंच खेड्यातल्या शिक्षकाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच आपल्या विद्यार्थ्यांना दूरच्या शाळेतील मुलांसाठी मजकूर लिहून, तो स्वतः छापून टपालाने पाठवायला लावले होते. पुढे १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील आणि मॉस्कोतील काही शाळा संगणकाने जोडल्या गेल्या आणि 'आयअर्न' या नावाने ती चळवळ अनेक देशांत पसरली. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी या लहानशा गावच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चे 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले, तेव्हा या मार्गाची वार्ता घरोघर पोहोचली. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाईन, इराण आणि इराक, अमेरिका आणि उत्तर कोरिया अशा परस्परांशी वैर धरणाऱ्या राष्ट्रांतील तरुणांना एकमेकांशी बोलते करणारा त्यांचा उपक्रम पाहिला म्हणजे, येथे केवळ शिक्षणपद्धतीचा प्रश्न नसून त्याच्या मुळाशी एक धर्मप्रश्न आहे, हे ध्यानात येते. परक्याची भाषा आपण कशासाठी शिकावी? त्याच्यापासून काही मिळावे म्हणून, की त्याला उत्तर देणे आपणावर बंधनकारक आहे म्हणून?

मंडनपक्षाची बाजू दुबळी नाही. ती प्रथम नीट मांडली पाहिजे. मराठवाड्यात तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या गाडीवाट गावातील जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांना परदेशी भाषा शिकवण्याचे ठरवले आणि कोणती भाषा हवी असे त्यांनाच विचारले, तेव्हा मुलांनी जपानी निवडली. कारण यंत्रमानवाच्या विद्येचे त्यांना आकर्षण होते आणि त्या विद्येचे माहेर जपान, असा त्यांचा सरळ तर्क होता. पुढे टाळेबंदीच्या वर्षात इंटरनेटवरून ते वर्ग भरले. यात इष्ट आणि साधन यांचा संबंध आरशासारखा स्वच्छ आहे. सांगली जिल्ह्यातच पाहावयाचे तर विटे, खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त टापूतील कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी पिढ्यान्पिढ्या देशभर विखुरली आहेत. चुलत्याच्या किंवा मामाच्या हाताखाली तमिळ, मल्याळी किंवा बंगाली मुलुखात गेलेला पोर तेथली भाषा कोणत्याही शाळेविना शिकतो, आणि त्याला शिकवणारे गुरू भूक आणि भट्टी हेच असतात. भाषेमागे अर्थ हा पुरुषार्थ उभा राहिला म्हणजे ती किती वेगाने येते, याचा याहून सबळ दाखला कोठे शोधावा?

तथापि गलाईवाल्याच्या त्या पोराकडे अधिक बारकाईने पाहिले, तर तो दाखला निखालस मंडनपक्षाचा राहत नाही. मूल भाषा कसे शिकते, याचे मीमांसकांनी दिलेले उत्तर असे की, ते वृद्धव्यवहार पाहून शिकते. एक वडीलधारा दुसऱ्याला 'गाय आण' असे सांगतो आणि दुसरा गाय घेऊन येतो. मग 'घोडा आण', 'गाय बांध' अशी वाक्ये कानी पडतात आणि त्यांच्यामागोमाग घडणाऱ्या कृती दिसतात. त्या अदलाबदलीतून कोणता शब्द कशाचा वाचक, हे बाजूला बसलेल्या मुलाला उमगते. प्रभाकराने तर पुढे जाऊन असे ठरवले की, शब्दांचे अर्थ सुटे सुटे कळतच नाहीत, ते कर्तव्याशी जोडलेल्या वाक्यातच कळतात. गलाईच्या दुकानातही हेच घडते. गिऱ्हाईक काही मागते, सराफ काही विचारतो, उस्ताद काही बजावतो, आणि प्रत्येक वेळी त्या पोराने काहीतरी करावे किंवा काहीतरी सांगावे अशी समोरच्याची अपेक्षा असते. पोटासाठी तो गाव सोडतो हे खरे. पण तमिळ वाक्य त्याच्या मुखातून ज्या क्षणी बाहेर पडते, त्या क्षणी त्याला प्रवृत्त करणारी गोष्ट महिनाअखेरचा पगार नसून समोर उत्तरासाठी खोळंबलेला माणूस ही असते. इष्टसाधनतेने त्याला त्या दुकानापर्यंत आणून पोहोचवले; पुढचे काम कार्यतेने, म्हणजे 'हे मला कर्तव्य आहे' या जाणिवेने, केले.

पडद्यावरील विनिमयाचे खरे सामर्थ्य येथेच आहे, त्याच्या नवलाईत नाही. दोन वर्गांनी केवळ हो किंवा नाही अशी उत्तरे येतील असे प्रश्न विचारून एकमेकांचा देश ओळखावा, असा 'मिस्टरी स्काईप' नावाचा एक खेळ शिक्षकांत मध्यंतरी बराच प्रचलित होता. त्यातील गंमत वगळली तरी एक गोष्ट उरते, ती ही की, विचारणाऱ्याला उत्तर खरोखर ठाऊक नसते. समजा, आषाढात माण तालुक्यातील एका वर्गात जपानी मुले पडद्यावर आहेत, आणि भिंतीवरील चित्रातले बैल रंगवलेल्या शिंगांचे आणि झुलींनी मढवलेले का, असे त्यांतील एक विचारते. आता बेंदूर समजावून सांगणे आले. बैलांना अंघोळ घालतात, त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्यांना पुरणपोळी चारतात, हे सर्व त्या मुलाला दोन पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. नाहीत ते शब्द. ती उणीव त्याला त्या घटकेला जितकी बोचते तितकी दहा वर्षांच्या परीक्षांनी बोचलेली नसते, कारण या वेळी त्याच्या मौनामुळे कोणाची तरी जिज्ञासा अपुरी राहणार असते. दुसऱ्या दिवशी तो शब्दकोश उघडतो, आणि त्याला तसे करायला कोणी सांगितलेले नसते.

अशा विनिमयाला पडद्याची अट नाही, हे साताऱ्यानेच शतकापूर्वी दाखवून दिले आहे. १९१७ मध्ये विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वेदान्ताच्या अध्ययनासाठी वाईला आले आणि तेथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढील काळातील केवलानंद सरस्वती, यांच्यापाशी उपनिषदे व ब्रह्मसूत्रे शिकू लागले. परंतु ते केवळ घेणारे राहिले नाहीत. त्यांनी तेथे गीतेचे वर्ग चालवले, विद्यार्थ्यांचे मंडळ काढले, त्या मंडळाच्या वाचनालयासाठी मुलांबरोबर जात्यावर दळण दळून पैसे उभे केले, आणि काही विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवले. पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक म्हणून वाईचे नाव सर्वदूर नेणाऱ्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या इंग्रजीचा आरंभ या सहवासात झाला. संस्कृत विद्येच्या घरी शिकायला आलेल्या पाहुण्याने त्या घरच्या मुलांना परकी भाषा द्यावी, हा व्यवहार कोणत्याही करारनाम्याने ठरला नव्हता. तरी तो इतका समतोल होता की, यजमान कोण आणि अतिथी कोण हे सांगणे कठीण जावे. त्याच विनोबांनी पुढे वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेतील चारही भाषा आत्मसात केल्या आणि कुराण मुळातून वाचावे म्हणून अरबीचे अध्ययन तर त्यांनी त्याआधीच केले होते. कैदेत असलेल्या मनुष्याला तेलुगू येण्याने कोणते इष्ट साधणार होते, याचे उत्तर मंडनपक्षाला देणे अवघड आहे.

त्याचे उत्तर द्यावयाचे तर ऋणकल्पनेकडे वळावे लागते. तैत्तिरीय संहितेने जन्मतःच माणसाच्या माथी तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे; शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे घातले, ते मनुष्यांचे. पहिल्या तिन्हींची फेड अध्ययनाने, यज्ञाने आणि संततीने होते. चौथ्याची फेड लोकांना आपल्या घरी आसरा आणि अन्न देऊन करावयाची असते. परभाषेच्या विद्यार्थ्याला हे चौथे ऋण सर्वांत निकटचे आहे. कारण तो दुसऱ्याच्या भाषेत शिरतो तेव्हा परक्या घरी उतरलेल्या वाटसरूसारखाच असतो: त्याची लिंगवचने चुकतात, त्याचे उच्चार वेडेवाकडे पडतात, आणि त्या घरचा माणूस ते सर्व सोसून, अर्धवट वाक्याचा अर्थ आपल्या पदरचा घालून पुरा करतो. ही सोशिकता हेच त्याला मिळालेले अन्न. ते खाऊन हात झाडून निघून जाणे अधर्म्य आहे. त्यानेही आपल्या भाषेत कोणाला तरी तितक्याच सोशिकतेने राहू दिले पाहिजे. प्रभाकराला कर्तव्याची जी जाणीव वेदाज्ञेत दिसली, ती भाषेच्या क्षेत्रात या ऋणातून उत्पन्न होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. आणि नोकरी, परदेशगमन, प्रतिष्ठा ही मंडनाची फळे तिच्या मागोमाग आनुषंगिक म्हणून आली, तर त्यांचा तिटकारा करण्याचे कारण नाही.

हा निकष एकदा मान्य केला म्हणजे, विनिमय या नावाखाली जे जे चालते ते सर्वच विनिमय नव्हे, हे मात्र स्पष्टपणे सांगावे लागते. काही शाळांत पडद्यावर गोरा चेहरा आला की नीटनेटक्या पोशाखातील चार निवडक मुले पाठ केलेली वाक्ये म्हणतात, पाहुणे टाळ्या वाजवतात, छायाचित्र निघते आणि ते वर्तमानपत्राकडे रवाना होते. येथे समोरची मुले साधन होतात आणि आपली मुले प्रदर्शनाची वस्तू. मनुष्याला केवळ साधन मानू नये, हे कांटने सांगितले म्हणून नव्हे, तर अतिथीला स्वतःच्या मोठेपणाची पायरी करणाऱ्या यजमानाला आपल्याकडे कोणीही यजमान म्हणत नाही, एवढ्याच कारणाने हा प्रकार त्याज्य ठरतो.

दुसरा आक्षेप भाषेच्या निवडीचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. साताऱ्याचे मूल आणि ब्राझीलचे मूल इंग्रजीतून बोलतात, तेव्हा दोघेही तिसऱ्याच्या घरी पाहुणे असतात; दोघांच्याही चुका होतात, कोणी कोणाला हसत नाही, आणि या समानतेत एक मोकळेपणा आहे तो नाकारता येत नाही. पण समोर इंग्लंड-अमेरिकेतले मूल असले की, एक पक्ष कायमचा यजमान आणि दुसरा कायमचा पाहुणा ठरतो, आणि ऋण एकाच खात्यात साचत जाते. यावर तोड एकच: निम्मा वेळ मराठीला मिळाला पाहिजे. मराठी शिकायला कोण येणार, अशी शंका घेणाराने फलटण आणि कासेगाव ही दोन गावे आठवावीत. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषी फलटणला आल्या, तेथल्या बोलीवर त्यांनी प्रबंध लिहिला, जाई निंबकर यांच्यासमवेत मराठीचे व्याकरण इंग्रजी वाचकांसाठी सिद्ध केले, आणि तेवढ्यावर न थांबता भारताचे नागरिकत्व पत्करून, १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापून, त्याच गावच्या उपेक्षित वस्त्यांतील मुलांना वाचायला शिकवण्याचे काम हाती घेतले. मिनिआपोलिसमध्ये जन्मलेल्या गेल ऑम्वेट महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करायला आल्या आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या होऊन राहिल्या. २०२१ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले, तोवर भारत पाटणकरांसमवेत त्यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले होते. या दोघींनी मनुष्यऋण ज्या व्याजासह फेडले, ते पाहता मराठीला परका विद्यार्थी मिळणार नाही ही भीती निराधार ठरते.

याच दोघींच्या उदाहरणावरून तिसरा आक्षेप निघतो, की त्या येथे येऊन राहिल्या, पडद्यावर भेटल्या नाहीत. ते खरे आहे. सहवासाची जागा पडदा घेऊ शकत नाही. पण सहवासाची इच्छा तो उत्पन्न करू शकतो, आणि जेथे सहवास अशक्य आहे तेथे दुवा टिकवू शकतो. सांगलीच्या विश्रामबागेतील आजी आणि न्यू जर्सीतील तिची नात यांचे दर रविवारचे बोलणे हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा आणि सर्वांत अलिखित भाषाविनिमय आहे. तिकडची मराठी मंडळे मुलांसाठी शाळा चालवतात, तेथे बाराखडी येते, गाणीही येतात. परंतु मराठी बोलण्याचा हट्ट त्या नातीच्या ठिकाणी येतो तो आजीला इंग्रजी कळत नाही म्हणून. आजीचे हे न कळणे हीच तेथे मोठी शक्ती आहे. दोन्हीकडच्या घड्याळांत साडेनऊ-साडेदहा तासांचे अंतर असल्यामुळे एकीची सकाळ म्हणजे दुसरीची रात्र; तरीही वेळ साधली जाते. शाळांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा: अमेरिकेशी शाळेच्या वेळेत बोलणे दुर्घट, पण जपान आपल्यापुढे साडेतीन तास आणि केनिया आपल्यामागे अडीच तास, तेव्हा त्यांच्याशी दिवसाउजेडी बोलता येते.

सर्वांत मर्मभेदी आक्षेप मात्र अंतराचाच आहे. जत तालुक्यात मराठी आणि कन्नड शाळा एकाच पंचायतीच्या हद्दीत भरतात, तरी एका शाळेच्या मुलांना दुसऱ्या शाळेशी बोलण्याचे निमित्त क्वचितच दिले जाते. कराड, वाळवा, पलूस या ऊसपट्ट्यात दर हंगामात बीडकडच्या ऊसतोड्यांच्या टोळ्या उतरतात. त्यांतील बंजारा मुले घरी गोरमाटी बोलतात आणि पाच-सहा महिने आमच्या बांधावर राहून, आमच्यापैकी कोणाला तिचा एक शब्दही न शिकवता, वैशाखापूर्वी परत जातात. दूरच्या मनुष्यावर प्रेम करणे सोपे असते, कारण तो आपल्या विहिरीचे पाणी मागत नाही. जपानच्या मुलाला बेंदूर समजावून सांगणाऱ्या वर्गाने फडातल्या मुलाला त्याच्या सणाचे नाव विचारलेले नसेल, तर त्या वर्गाची प्रेरणा जिज्ञासेची नसून दिपून जाण्याची आहे, असाच निष्कर्ष काढावा लागेल. म्हणून जागतिक विनिमयाला आरंभ करणाऱ्या शाळेने पहिला विनिमय शेजारच्या कन्नड शाळेशी किंवा ऊसतोड्यांच्या मुलांच्या साखरशाळेशी करावा, आणि समुद्रापलीकडच्या वर्गाचा अनुक्रम त्यानंतर लावावा.

साधने बदलत राहतील. ज्या स्काईपच्या नावाने शिक्षकांनी आपले खेळ रचले, ते २०२५ च्या मे महिन्यात बंद झाले; उद्या आणखी काही येईल आणि तेही जाईल. शिक्षणखात्याने या उपक्रमांचा अहवाल मागवताना किती देश जोडले आणि किती तास झाले, हे रकाने जरूर भरून घ्यावेत. परंतु त्यांच्याआधी आणखी दोन रकाने आखावेत. कोणत्या गोष्टीचे उत्तर मुलांना खरोखर ठाऊक नव्हते म्हणून त्यांनी विचारले, हा पहिला. आणि त्याच तासात कोणी त्यांच्यापासून मराठी किती शिकले, हा दुसरा. हे दोन रकाने कोरे असतील, तर उरलेले सर्व आकडे भरूनही भाषा शिकवली गेली असे म्हणता येणार नाही.